हलवा न खाणारी बाई

शालन खांबेटे हलवा खात नाही. सात वर्षांपूर्वी तिला डायबेटिस निघाला, त्या दिवसापासून हलव्याचा एक दाणाही तिच्या तोंडात गेलेला नाही. हे वाक्य तिने गेल्या हिवाळ्यात निदान शंभर वेळा उच्चारलं असेल, आणि शंभरही वेळा ऐकणाऱ्याने अशी काही मान हलवली की त्यापेक्षा तोंडावर खोटारडी म्हटलं असतं तर बरं.

अडचण एवढीच की शालन हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे, बाळाच्या बोरन्हाणाचे, जावयासाठी हार आणि नारळही. चौतीस वर्षं करते आहे. लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा कोपरच्या बाजूला चाळीत दोन खोल्यांचा संसार होता. शेजारच्या जयावहिनींनी तिला एका डिसेंबरात परातीपुढे बसवलं आणि ती जी बसली ती उठलीच नाही. जयावहिनी गेल्या, चाळ पाडून तिथे सात मजली इमारत झाली, शालनचे केस पांढरे झाले, पण मार्गशीर्ष लागला की पहाटे पाच वाजता तिची परात मंद आचेवर चढतेच.

हे काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. परातीत तीळ घ्यायचे, त्यावर चमच्याने थेंब थेंब साखरेचा पाक सोडायचा आणि उघड्या बोटांनी ते तीळ फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा पाक, पुन्हा बोटं. असं रोज तीन तास, चार-पाच दिवस केलं तेव्हा कुठे त्या तिळावर काटा उभा राहतो. घाई केली की गोळे होतात. पंखा लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे पाण्याचा हात जवळ आणायचा नाही. ओला हात लागला की आलेला काटा बसतो आणि चार दिवसांची मेहनत फुकट जाते. म्हणून शालन एकदा परातीपुढे बसली की उठेपर्यंत नळाकडे फिरकत नाही. मांडीवर एक कोरडं फडकं असतं, त्यालाच बोटं पुसायची.

नवरा सुधीरराव. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, आता निवृत्त. माणूस वाईट नाही. उभ्या आयुष्यात बायकोवर आवाज चढवला नाही, भाजी निवडून देतात, डबे वरच्या फळीवरून काढून देतात. पण त्यांचा विश्वास आकड्यांवर. अंगात ताप आहे असं शालन म्हणाली की ते "बघू" म्हणत थर्मामीटर शोधायला जात, आणि पारा शंभरच्या खाली राहिला की आता हिला बरं वाटायला हरकत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होई. शालनने हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. दिवाळीपर्यंत तरी नेलं होतं.

दिवाळीत मुकुल, त्यांचा मुलगा, वर्तकनगरहून आला तो साखर मोजायचं मीटर घेऊनच. बोटाला सुई टोचा, रक्ताचा थेंब पट्टीला लावा, पाच सेकंदांत आकडा. सुधीररावांना नातू झाला तेव्हाही एवढा आनंद झाला नसेल. त्यांनी त्याच दिवशी तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला. मोजणी रोज सकाळी सातला, उपाशी पोटी, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

नोव्हेंबरात सगळं सुरळीत होतं. एकशे अठ्ठावीस, एकशे चौतीस, असे आकडे. मग थंडी पडली आणि परात चढली. सात वाजले की सुधीरराव मीटर घेऊन ओट्यापाशी हजर. शालन डाव्या हाताने तीळ फिरवत ठेवायची, उजवा हात फडक्याला पुसून मागे करायची. ते बोटाला स्पिरिटचा कापूस लावायचे, टोचायचे. पहिल्या दिवशी दोनशे चौसष्ट आले. दुसऱ्या दिवशी दोनशे एकतीस. तिसऱ्या दिवशी तीनशेला दोन कमी.

सुधीररावांनी आकडा तक्त्यात भरला, पेनाचं टोपण लावलं आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं की पहाटे काही तोंडात टाकलं होतंस का. शालनने नाही म्हणून सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं. त्या "बरं"ने तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ती पुढचे सहा आठवडे उतरली नाही.

तिने काय नाही केलं? रात्रीचा भात बंद केला. बटाटा सोडला. चहा तर आधीपासूनच बिनसाखरेचा होता, त्यातलं दूधही कमी केलं. संध्याकाळी गुडघे कुरकुरत असताना कोपर स्टेशनपर्यंत चालून यायला लागली. आणि आकडा? दोनशे सत्तर. एखाद्या परीक्षेला रात्रंदिवस अभ्यास करून जावं आणि पेपर न तपासताच नापास व्हावं, तसं तिचं रोज सकाळी सातला होत होतं.

शेवटी दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाई शालनला वीस वर्षं ओळखत होत्या. साखर काही फक्त तोंडातूनच येत नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. झोप मोडली तरी वाढते. मनाला घोर लागला तरी वाढते. दात सुजला, लघवीला जळजळ झाली, गुडघ्यात एखादं इंजेक्शन घेतलं तरी वाढते. पहाटे तर लिव्हर आपणहून रक्तात साखर सोडतं, उठायची तयारी म्हणून. माणूस झोपेत असतो आणि आकडा चढलेला असतो. शालनला एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, बघा, मी चारला उठते, झोप होत नाही, आणि घोर तर यांनीच लावलाय.

सुधीररावांनी तक्ता पुढे केला. त्यांनी विचारलं, "पण डॉक्टर, या सगळ्याने तीनशे होईल?"

डॉक्टरीणबाईंनी तक्ता खालपर्यंत वाचला. "एवढी सहसा होत नाही," त्या म्हणाल्या, आणि शालनकडे न बघता गोळी बदलून दिली. नवी गोळी जोरदार होती. सोबत लॅबची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी लिहून दिली. आपण रोज मोजतोय, मग वेगळी कशाला, संक्रांतीनंतर करू, असं सुधीररावांनी परस्पर ठरवलं आणि तो कागद तक्त्याच्या मागे खोचला.

नाताळच्या सुट्टीत मुकुलने दोघांना दोन दिवस वर्तकनगरला नेलं. तिथे परात नाही, पाक नाही. सून रचना हिने आलूपराठे केले होते, आणि शालनने महिनाभराचा बटाट्याचा उपास तिथे मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीररावांनी सोबत आणलेलं मीटर काढलं. एकशे एकवीस. तिसऱ्या दिवशी एकशे तेहतीस. शालन मनातून खूश झाली. पराठे खाऊन आकडा खाली येतो म्हणजे माझ्या खाण्यात काही खोट नाही, हे आता आंधळ्यालाही दिसेल, असं तिला वाटलं.

मुकुलला भलतंच दिसलं. त्याने तिला समोर बसवलं. तो ओरडला नाही, बापावर गेलेला होता.

"आई, इथे तू नॉर्मल आहेस. घरी गेलीस की तीनशे. घरी असं काय आहे जे इथे नाहीये?"

 उत्तर शालनला माहीत होतं आणि ते तिच्याच विरुद्ध जात होतं. घरी हलवा होता.

"मी खात नाही रे," ती म्हणाली. "शपथ घेऊ का तुझ्या गळ्याची?"

"शपथ नको ग. होतं असं, चव बघताना जातं तोंडात, लक्षात पण येत नाही. रचनाच्या ऑफिसातल्या एकाच्या आईचं सेम झालेलं. पाय कापायची वेळ आली." मग त्याने निकाल दिला. या वर्षीच्या ऑर्डरी झाल्या की काम बंद. आणि आकडे असेच राहिले तर आहेत त्या ऑर्डरीही तो स्वतः फोन करून रद्द करणार. सुधीररावांनी खाली बघितलं. रचनाने सासूपुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

चौतीस वर्षांत शालनने बाकी काय केलं होतं? नोकरी नाही, डिग्री अर्धवट. पण डोंबिवलीत अशी घरं होती की आईने पहिल्या संक्रांतीला शालनचे दागिने घातले आणि आता मुलगी घालणार. विठ्ठलवाडीहून एक बाई खास तिच्याकडे येत, कारण असा बारीक काटा दुसरीकडे मिळत नाही. हे सगळं आता तिने न खाल्लेल्या साखरेपायी जाणार होतं. खाऊन गेलं असतं तर निदान खाल्ल्याचं समाधान तरी मिळालं असतं.

घरी आल्यावर तिने जिद्दीने कामाला हात घातला. दागिन्यांचे नऊ संच व्हायचे होते. पहाटेचा घाणा संपला की दहा वाजता दुसरा. दुपारी जरा पडून उठलं की संध्याकाळपर्यंत दोऱ्यात दाणे गुंफायचे. मीटरचा आकडा तर आता थट्टा केल्यासारखा चढत होता. डॉक्टरीणबाईंना तक्त्याचा फोटो गेला, त्यांनी गोळी एकाची दीड केली. शालनला सकाळी अकराच्या सुमाराला कसंतरी व्हायला लागलं. हात थरथरायचे, घाम यायचा, पोटात खड्डा पडायचा. सुधीररावांच्या मते हे साखर जास्त असल्याचं लक्षण होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती अशीच परातीपुढे बसली होती. अकरा वाजले असतील. समोरचे तीळ एकाचे दोन दिसायला लागले. तिने गॅस बंद केला, भिंतीला टेकली आणि म्हणाली की मला काहीतरी गोड द्या, जीव जातोय. सुधीरराव धावत आले ते मीटर घेऊन. तिचा हात धरला, कापूस फिरवला, टोचलं. दोनशे सत्तावन्न.

"अगं, दोनशे सत्तावन्न आहे. आणि गोड मागतेस?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. शालनला वाटलं की ती परात उचलून यांच्या डोक्यात घालावी, पण हात उचलत नव्हता. चारी बाजूंना साखर भरलेली आणि तिला चमचाभर मिळेना. जीभ जड झाली होती, भांडायचंही जमेना.

एक गोष्ट मात्र सुधीररावांनी बरी केली. तिचे ओठ पांढरे पडलेले बघून घाबरले, रिक्षा बोलावली आणि पाच मिनिटांत तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आतल्या पेशंटला तपासत होत्या. बाहेर नयन नावाची नर्स होती, तीन महिन्यांपूर्वीच लागलेली. तिने शालनचा हात हातात घेतला आणि लगेच स्वतःची बोटं एकमेकांना चिकटतात का बघितलं.

"काकू, हात केवढे चिकट आहेत तुमचे. काय करत होता?"

हलवा, असं सुधीररावांनी सांगितलं, आणि घाईने पुढे सांगितलं की साखर दोनशे सत्तावन्न आहे, आत्ताच मोजली. नयनने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने वाडग्यात कोमट पाणी आणलं, साबणाने शालनचा उजवा हात धुतला, कोरडा केला आणि मग टोचलं. मीटरवर एकोणपन्नास आले.

पुढची दहा मिनिटं शालनला धूसर आठवतात. ग्लुकोजचं पाणी ओठांवरून ओघळलेलं आठवतं, डॉक्टरीणबाई धावत आलेल्या आठवतात. डोकं जागेवर आलं तेव्हा सुधीरराव म्हणत होते की तुमचं मीटर बिघडलंय. नयनने त्यांच्याच खिशातलं मीटर मागून घेतलं. शालनचा धुतलेला हात टोचला, अठ्ठ्याऐंशी आले. ग्लुकोज पोटात गेलं होतं. मग डावा हात घेतला, अजून न धुतलेला. त्याच्यावर स्पिरिटचा कापूस फिरवला, अगदी सुधीरराव फिरवत तसा, आणि टोचलं. तीनशे चार.

"स्पिरिटने जंतू मरतात काका, साखर नाही जात," नयन म्हणाली. "बोटाला लागलेला पाक थेंबात मिसळतो. पट्टीला काय कळणार, कुठली साखर आतली नि कुठली बाहेरची."

 डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून सांगितलं की चूक त्यांचीही आहे. लॅबची तपासणी हातात आल्याशिवाय गोळी वाढवायला नको होती. जुनी गोळी पुन्हा सुरू केली आणि रक्त लगेच लॅबला पाठवलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक नऊ; या तपासणीत डायबेटिस असणाऱ्याने सातच्या आत राहायचं असतं. म्हणजे शालनला डायबेटिस होता, राहणार होता, आणि तो तिने पोटाला चिमटा घेऊन उत्तम सांभाळला होता.

संध्याकाळी मुकुलचा फोन आला. तो मनापासून सॉरी म्हणाला. मग म्हणाला, "तू बिनधास्त कर काम, माझं काहीच ऑब्जेक्शन नाहीये." शालनने "बरं" म्हणून फोन ठेवला. चौतीस वर्षांच्या कामाला पोराची परवानगी मिळाली, आता कुठे ठेवू ती, असं तिला झालं. आनंद व्हायला हवा होता. व्हायचा तो झालाच नाही; उलट काल दिवसभर थकव्याखाली दबलेला संताप आता वर यायला लागला.

तिने हात धुऊन, पुसून, कोरडे झाल्याची दोनदा खात्री करून तयार हलव्याचा डबा उघडला आणि बाजूबंद गुंफायला बसली. सुधीरराव समोरच्या खुर्चीवर येऊन बसले.  त्यांना तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं, हे तिला दिसत होतं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मला आतून वाटतच होतं की तू खात नाहीस."

शालनने सुई थांबवली. "ते कसं?"

"मी वजन करत होतो ना. तू दुपारी पडलीस की. आदल्या दुपारी डबा किती भरला होता, आज किती भरला, नवा किती पडला, दागिन्यांत किती गेला. आपलं ते स्वयंपाकघरातलं डिजिटल आहे, ग्रॅमपर्यंत दाखवतं. एकदाही कमी भरला नाही. एक ग्रॅमसुद्धा नाही, शालन."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आपण हिला केवढं प्रशस्तिपत्र देतो आहोत, असं त्यांना वाटत होतं.

"कधीपासून?"

"डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

म्हणजे वर्तकनगरच्या आधीपासून. मुकुल तिला समोर बसवून पाय कापायच्या गोष्टी सांगत होता आणि हे खाली बघत होते, तेव्हा यांच्याजवळ दोन आठवड्यांचं वजन होतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मीटर वेगळं सांगत होतं ना," सुधीरराव म्हणाले. "दोन रीडिंग जुळत नव्हती. अशा वेळी घाईने निष्कर्ष काढू नये."

"आणि मी सांगत होते ते?"

 प्रश्न त्यांना खरोखरच कळला नव्हता. ते लपवत नव्हते, टाळत नव्हते. तिचं सांगणं हीसुद्धा मोजण्यात धरायची गोष्ट आहे हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. छत्तीस वर्षं त्या माणसाबरोबर राहून शालनला ते आज कळत होतं.

ती उठली. ओट्याखालचं वजनाचं यंत्र काढून तिने त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर हलव्याचा डबा ठेवला. आकडा स्थिर होईपर्यंत थांबली, कारण यांना तो स्थिर झालेला लागतो. मग डब्यातून चिमूटभर दाणे उचलले, त्यांच्या डोळ्यांसमोर तोंडात टाकले आणि सात वर्षांची चव जिभेवर सावकाश विरघळू दिली.

"आता करा वजन," ती म्हणाली.